शिकणं वेगळं, लक्षात राहणं वेगळं: मधमाशी, गोगलगाय आणि नायट्रिक ऑक्साइड

सातेरी
रविवार, रात्री ९:१५

मधमाशी बर्फावर ठेवली की चार-पाच मिनिटांत गारठते आणि पाय पोटाशी घेऊन गप्प पडते. तेवढ्या वेळात तिला बोटाच्या पेराएवढ्या पितळी नळीत उभी करायची आणि मानेमागून चिकटपट्टीची बारीकशी पट्टी लावायची. डोकं बाहेर, बाकी सगळी आत. ऊब लागली की ती आधी मिशा हलवते. मग साखरपाण्यात बुडवलेली काडी एका मिशीला टेकवायची, की दुमडलेली सोंड सर्रकन बाहेर येते. जर्मनीतल्या एका विद्यापीठात दोन उन्हाळे मी हेच केलं. दिवसाला पन्नास-साठ माश्या. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे बालवाडीच की!"

तर बालवाडीचा अभ्यासक्रम असा. लवंगेच्या तेलाचा वास सोडायचा, तीनेक सेकंदांनी मिशीला साखरपाणी, सोंड आली की तिलाही एक घोट. एकदा एवढं केलं तरी पुढच्या खेपेला पुष्कळ माश्या नुसत्या वासालाच सोंड काढतात. पण एकाच धड्याची ही आठवण हळूहळू विरते. तोच धडा दोन-दोन मिनिटांच्या अंतराने तीनदा दिला, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही लवंग आली की सोंड बाहेर.

आता गंमत. धड्याआधी माशीच्या छातीत एक मायक्रोलिटर 'एल-नेम' टोचा. हे औषध शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनवणारं एन्झाइम बंद पाडतं. माशी तीनही धडे व्यवस्थित शिकते. तिसऱ्या धड्याला हे औषध टोचलेली कोण आणि न टोचलेली कोण, मला तरी कधी ओळखता आलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र टोचलेल्यांतल्या कितीतरी जणी लवंगेपुढे ढिम्म. साखर लावली की सोंड येते, म्हणजे भूक आहे, सोंड शाबूत आहे. फक्त कालचं गेलंय.

मूळ काम बर्लिनच्या उली म्युलर यांचं, १९९६ सालचं. आम्ही वेगळ्याच प्रश्नासाठी त्याची उजळणी करत होतो. एकाच धड्याच्या आठवणीला हे औषध धक्का लावत नाही, हेही त्यांनी दाखवलं होतं. म्हणजे शिकण्याचं खातं वेगळं आणि जपून ठेवण्याचं वेगळं, आणि या वायूची सही लागते ती दुसऱ्या खात्यात.

हो, वायू. एक अणू नत्राचा, एक प्राणवायूचा. मेंदूतली बाकीची बरीचशी संदेशरसायनं पेशीच्या आत बारीक पिशव्यांत भरून ठेवलेली असतात. इशारा आला की पिशवी फुटते आणि समोरच्या पेशीवरच्या नेमक्या कुलपात किल्ली जाऊन बसते. नायट्रिक ऑक्साइडला पिशवीही नाही आणि तसलं कुलूपही नाही. हवा तेव्हा जागेवर बनतो आणि पेशीच्या आवरणातून आरपार जातो. शेजारच्या घरात फोडणी पडली की आपल्याकडे ठसका लागतो, तसं. फक्त ही फोडणी फार दूर जात नाही आणि काही क्षणांत विरते.

आपल्या मेंदूत त्याची साखळी साधारण अशी: ग्लुटामेट हे संदेशरसायन येऊन एनएमडीए नावाच्या ग्राहीवर, म्हणजे वर म्हटलं तशा कुलपावर, बसतं, दार उघडून कॅल्शियम आत येतं, ते कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला जागं करतं, कॅल्मोड्युलिन एन्झाइमला जागं करतं, आणि एन्झाइम आर्जिनीन नावाच्या अमिनो आम्लातून वायू काढून सिट्रुलीन मागे ठेवतं. हे एन्झाइम एनएमडीएच्या अगदी उंबऱ्यापाशी बांधून ठेवलेलं असतं, त्यामुळे दार उघडल्याची खबर त्याला पहिल्यांदा लागते. पुढे हा वायू दुसऱ्या एका एन्झाइममधल्या लोहाला चिकटतो आणि सीजीएमपी नावाचा निरोप्या तयार होतो.

याचा शोध मेंदूत लागलेला नाही, रक्तवाहिनीत लागलाय. न्यूयॉर्कच्या रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर काम चालायचं. अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं संदेशरसायन दिलं की कधी तुकडा सैल पडायचा, कधी उलट आवळायचा. कारण निघालं हाताळणीचं. तुकडा कापताना आतलं नाजूक अस्तर घासलं गेलं असेल तर सैल पडत नाही! म्हणजे सैल करणारा निरोप अस्तरातून येत होता. हे छापून आलं १९८० मध्ये. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, हे ठरायला आणखी सहा-सात वर्षं गेली. १९९८ चं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. याच वायूवर काम केलेल्या साल्वादोर मोंकाडा यांचं नाव का नाही, यावर तेव्हा बरीच धुसफूस झाली होती.

मेंदूचं दार १९८८ मध्ये उघडलं. इंग्लंडच्या जॉन गार्थवेट यांनी दाखवलं की उंदराच्या अनुमस्तिष्कातल्या, म्हणजे मागच्या लहान मेंदूतल्या, पेशींचे एनएमडीए ग्राही चेतवले की रक्तवाहिनीतल्यासारखाच पदार्थ सुटतो. दोनच वर्षांत बाल्टिमोरला ब्रेड्ट आणि स्नायडर यांनी मेंदूतून ते एन्झाइम वेगळं काढलं. आणि मग जो तो आठवणीच्या मागे लागला.

पुढचं प्रतिसादांत. माझी रात्रपाळी सुरू होतेय.

कढीलिंब
रविवार, रात्री ९:५२

वाखूसा (वाचनखूण साठवली)! बालवाडी वाचून फुटलो.

दुधीभोपळा
रविवार, रात्री १०:२०

मस्त धागा. बाळबोध शंका: दातांच्या डॉक्टरकडे हुंगवतात तो हास्यवायू हाच का? आणि गाड्यांच्या धुरात जो वाईट म्हणतात तो?

सातेरी
सोमवार, सकाळी ७:०५

नाही हो. हास्यवायू म्हणजे नायट्रस ऑक्साइड, त्यात नत्राचे दोन अणू. धुराड्यातून आणि इंजिनातून नायट्रिक ऑक्साइड निघतो खरा, पण हवेत त्याचा लवकरच नायट्रोजन डायऑक्साइड होतो, आणि छातीला त्रास देणारा मुख्यतः तो. तीन नावं सारखी वाटतात, स्वभाव तीन तऱ्हांचे. मेंदूत तयार होणाऱ्याचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की ते मोजायलाच लोकांची वर्षं गेली.

मोहोळवाला
सोमवार, दुपारी १:३०

ताई, आयडी बघूनच धागा उघडला. आमच्या घरी महाबळेश्वरच्या बाजूला वडिलांपासून सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या आहेत. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा साखरेचा पाक ठेवावा लागतो. एकदा दोन-तीन दिवस वेळ चुकवून उघड्यावर ताटली ठेवली आणि चांगलाच धडा मिळाला. चौथ्या दिवशी ताटली नव्हती तरी त्याच वेळेला माश्या त्याच दगडावर हजर. शिवाय शेजारच्या पेटीतल्याही आल्या आणि मारामारी झाली. तेव्हापासून पाक पेटीच्या आतच, आणि तोही संध्याकाळी.

प्रश्न असा, की तुम्ही तीन धडे म्हणता. माझ्या माश्यांना जागा आणि वेळ लक्षात ठेवायला किती फेऱ्या लागल्या असतील? आणि तिथेही हाच वायू का?

सातेरी
सोमवार, रात्री ९:४०

@मोहोळवाला, तुमची ताटली म्हणजे आमच्या नळीपेक्षा मोठा प्रयोग आहे! जवळच्या ताटलीवर येणारी माशी एका तासात कितीतरी फेऱ्या मारते, त्यामुळे तिचे धडे सहज होतात. जागा आणि वेळ ही दोन्ही प्रकरणं वासापेक्षा गुंतागुंतीची आहेत, त्यामुळे नळीतल्या माशीचा निष्कर्ष तुमच्या दगडावर जसाच्या तसा चिकटवणार नाही.

पण "तीनच का" यावर म्युलर यांचंच २००० सालचं काम सांगते, मला ते सगळ्यात देखणं वाटतं. एका धड्यानंतर माशीच्या मेंदूत, वास पोचतो त्या भागात, पीकेए नावाचं एक एन्झाइम थोडा वेळ जागं होतं आणि निजतं. लागोपाठ तीन धडे दिले तर ते बराच वेळ जागं राहतं, आणि ते जागं ठेवण्याचं काम नायट्रिक ऑक्साइड आणि सीजीएमपीचं. मग त्यांनी काय केलं? सीजीएमपी एका रासायनिक पिंजऱ्यात बंद करून मेंदूत सोडलं. पिंजरा प्रकाशाचा झोत पडला की उघडतो. माशीला धडा दिला एकच, आणि त्याच्याच जोडीला झोत टाकला. एका धड्यात तीन धड्यांची टिकाऊ आठवण! नंतर जपानमध्ये रातकिड्यांच्या नातलगांवर, म्हणजे क्रिकेट किड्यांवर, २००६ मध्ये मात्सुमोतो आणि मिझुनामी यांच्या गटाला याच धर्तीचं दिसलं.

एखादी गोष्ट काढून घेतली की बिघाड होतो, हे दाखवणं तुलनेने सोपं. घड्याळात वाळू टाकली तरी ते बंदच पडतं. घातल्यावर जमतं हे दाखवणं अवघड, आणि ते इथे जमलं.

तिरकाकावळा
मंगळवार, सकाळी ८:१२

लेख चांगला, पण जरा खडे टाकतो.

एल-नेम सगळीकडचं एन्झाइम बंद करतं ना? मग रक्तवाहिन्या आवळणार, रक्तदाब वाढणार. उंदराला डोकेदुखी झाली असेल आणि तुम्ही म्हणाल स्मृती गेली. दुसरं, मी वाचलं होतं की ज्या उंदरांमध्ये या एन्झाइमचं जनुकच काढून टाकलंय ते अगदी ठणठणीत होते. मग हा वायू लागतो कुठे? माझ्या मते १९९० च्या दशकात एक लाट आली होती आणि लोक तीवर स्वार झाले.

सातेरी
मंगळवार, रात्री १०:१०

@तिरकाकावळा, खडे चांगले आहेत, त्यांतले दोन मी स्वतःही टाकते. पण क्रमाने घेऊ.

लाट होती हे खरंच. १९९२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकाने नायट्रिक ऑक्साइडला वर्षाचा रेणू ठरवलं होतं. लाटेच्या मुळाशी प्रश्न मात्र खरा होता. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणींशी निगडित भागात, दाखवलं की एखाद्या वाटेवर जोरकस विद्युत्-टोले दिले तर ती वाट नंतर तासन्‌तास जास्त चांगली चालते. याला एलटीपी म्हणतात, आठवणीचं पेशीपातळीवरचं रूप म्हणून सगळे याच्याकडे बघतात. अडचण अशी, की याची सुरुवात निरोप घेणाऱ्या पेशीत होते, पण काही पुरावे सांगत होते की बदल निरोप देणाऱ्या पेशीतही होतो. मग घेणाऱ्याने देणाऱ्याला उलट निरोप कसा पाठवला? नेहमीची टपालव्यवस्था एकाच दिशेची. भिंतीतून मागे जाऊ शकेल असा वायू मिळाल्यावर लोकांना स्वर्ग दोन बोटं उरला.

१९९१ मध्ये बऱ्याच प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी छापलं: एन्झाइम बंद करा, एलटीपी होत नाही. यातला माझा आवडता पुरावा हिमोग्लोबिनचा. नायट्रिक ऑक्साइडला हिमोग्लोबिन अधाशासारखं गिळतं. पण हिमोग्लोबिन आकाराने मोठं, पेशीच्या आत जाऊ शकत नाही. ते मेंदूच्या कापाभोवतीच्या पाण्यात मिसळलं तरी एलटीपी अडलं. म्हणजे काहीतरी एका पेशीतून बाहेर पडून, मधली फट ओलांडून दुसरीत जात होतं आणि वाटेत पकडलं गेलं! त्याच वर्षी जपानच्या नागाओ आणि मासाओ इतो यांनी सशांच्या आणि माकडांच्या अनुमस्तिष्कावर हिमोग्लोबिन सोडून बघितलं. डोकं हललं तरी नजर स्थिर ठेवायची जी सवय असते, तिच्यात नव्याने दुरुस्ती करणं त्या प्राण्यांना जमेना.

आता तुमचा जनुकवाला मुद्दा. १९९३ मध्ये बोस्टनला मेंदूतलं हे एन्झाइम नसलेले उंदीर तयार झाले. सगळे श्वास रोखून होते, आणि ठळक काय दिसलं, तर फुगलेलं पोट! जठराचं खालचं दार सैल पडत नव्हतं. एलटीपी जवळपास ठीक. लाटेवरचे बरेच जण त्या दिवशी पाण्यात पडले. नंतर कळलं की याच कामाचा एक भाऊ आहे, रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या जातीचा, तो काम निभावून नेतो. १९९६ मध्ये दोन्ही भाऊ नसलेले उंदीर बघितले तेव्हा हिप्पोकॅम्पसच्या एका थरात एलटीपी ठळकपणे कमी, दुसऱ्या थरात मात्र जसंच्या तसं. ठणठणीत म्हणाल तर तेही नाही, मेंदूतलं एन्झाइम नसलेले नर फार भांडखोर निघाले, १९९५ मध्ये तसं प्रसिद्ध झालं.

रक्तदाबाच्या मुद्द्यावर तुमच्याशी शंभर टक्के सहमत. चॅपमन आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये छापलं की एन्झाइम बंद केल्यावर उंदीर जागा शिकत नाहीत आणि ससे पापणी मिटायला शिकत नाहीत. दोनच वर्षांत बॅनरमन आणि मॉरिस यांच्या गटाने शीर्षकातच सांगून टाकलं की जागा शिकण्यावर परिणाम होत नाही. मॉरिस म्हणजे गढूळ पाण्याच्या टाकीत उंदराला लपलेला पाट शोधायला लावणारे, त्यांच्याच टाकीत हा सामना झाला. म्हणून पुढे लोकांनी रक्तदाबाला हात न लावणारं सेव्हन-नायट्रोइंडाझोल वापरायला सुरुवात केली.

म्हणूनच म्हणते, कीटक आणि गोगलगायी बऱ्या. माशीला आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नाहीत, रक्तदाबाचं लचांड नाही. शिवाय आमच्याकडे प्रत्येक वेळी निम्म्या माश्यांना 'डी-नेम' टोचलेलं असायचं. तेच अणू, तीच जोडणी, फक्त आरशातलं रूप, उजव्या हाताचा मोजा डाव्यात घालावा तसं. ते एन्झाइमला बसत नाही. सुईची जखम तीच, रसायन जवळपास तेच, आणि आठवण शाबूत. बाटल्यांवर नुसते आकडे असत आणि कुठल्या बाटलीत काय हे चाचणी संपेपर्यंत मलाही माहीत नसे.

तिरकाकावळा
मंगळवार, रात्री ११:३०

डी-नेमचा मुद्दा मान्य. "उलट निरोप" प्रकरण मात्र अजून पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

सातेरी
बुधवार, सकाळी ६:५०

नोंदवा की. सस्तन प्राण्यांपुरतं मीही "एकमेव उलट निरोप्या" म्हणणार नाही. २००१ पासून तर गांजाच्या जातीतली, मेंदू स्वतःच बनवतो ती रसायनंही उलटा निरोप नेतात हे सिद्ध आहे.

गोठ्यावरून
बुधवार, दुपारी २:४५

शीर्षकात गोगलगाय आहे आणि अजून तिचा पत्ता नाही! मी पशुवैद्य, नगर जिल्ह्यात. गोड्या पाण्यातली लिम्निया गोगलगाय आम्हाला एकाच कारणासाठी पाठ: शेळ्यामेंढ्यांच्या लिव्हर फ्लूकची, म्हणजे यकृतातल्या चपट्या कृमीची, मधली यजमान. तळ्याकाठी चारलेला कळप, गळ्याखाली पाणी साचलेली मेंढी, सगळं डोळ्यापुढे येतं. तिला स्मरणशक्ती असते हे आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

सातेरी
बुधवार, रात्री ९:२०

@गोठ्यावरून, हीच ती बया, निदान तिची युरोपातली बहीण, लिम्निया स्टॅग्नालिस. तुमच्या खात्यात आरोपी, आमच्या खात्यात गुणी विद्यार्थिनी.

इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठात तिच्यावर फार सुंदर काम झालंय. पाण्यात अमाइल अ‍ॅसिटेट, म्हणजे पेअर ड्रॉपच्या गोळीसारखा वास, आणि लगेच साखर. साखर लागली की गोगलगाय तोंडाने खरवडल्यासारख्या हालचाली करते. एवढं फक्त एकदा. दुसऱ्या दिवशी नुसत्या वासाला ती तोंड हलवते. माशीला तीन धडे लागतात, हिला एकच!

आणि केमेनेस यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवलं की याही आठवणीला नायट्रिक ऑक्साइड लागतो. तो कधी लागतो हे इथे खरं बघण्यासारखं. धडा संपल्यावर सुमारे पाच तासांपर्यंत वायू अडवला तर दुसऱ्या दिवशीची आठवण बनत नाही. त्यानंतर अडवला तर काही फरक नाही. म्हणजे गोगलगाय पाण्यात निवांत फिरतेय, धडा कधीच संपलाय, आणि आत अजून शाई वाळतेय. स्टीव्हन रोझ आणि होल्शर यांनी १९९२ मध्ये एक दिवसाच्या कोंबडीच्या पिल्लांवरही असंच बघितलं होतं. कडू द्रव लावलेला मणी पिल्लू एकदा टोचतं आणि पुन्हा तसल्या मण्याला तोंड लावत नाही. एन्झाइम अडवलं की बिचारं पुन्हा टोचतं.

ऑक्टोपसही या यादीत आहे. १९९४ मध्ये त्याच्या स्पर्शाने शिकण्यावर हेच दिसलं. म्हणजे बाहूंनी चाचपून कुठली वस्तू घ्यायची आणि कुठली टाकायची ते.

पोहेप्रेमी
गुरुवार, सकाळी ७:३०

वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरतेय: बीटाची पावडर, "नायट्रिक ऑक्साइड बूस्टर, मेंदू तल्लख". बाबा ७४ वर्षांचे, सॉर्बिट्रेट चालू आहे. मागवू का म्हणतायत.

सातेरी
गुरुवार, सकाळी ७:५५

@पोहेप्रेमी, पावडर राहू द्या, आधी हे वाचा. जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेट शरीरात नायट्रिक ऑक्साइडचंच काम करते, रक्तवाहिन्या सैल करते. त्यावर आणखी काही चढवायचं तर त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय नको. आणि हे कुणी बोलत नाही म्हणून बोलते: सिल्डेनाफिलच्या, म्हणजे त्या निळ्या गोळीच्या, जोडीला सॉर्बिट्रेट जिवावर बेतू शकते, कारण ती गोळी सीजीएमपी मोडूच देत नाही आणि रक्तदाब धाडकन खाली येतो.

बीटात नायट्रेट असतं, तोंडातले जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, पुढे शरीरात वायू बनतो, इथपर्यंत जाहिरात खोटी नाही. पण मी वर सांगितलेला सगळा खेळ नेमक्या पेशीच्या उंबऱ्यावर, नेमक्या क्षणी, काही सेकंद सुटणाऱ्या वायूचा आहे. भरलेल्या थाळीवर वरून तेलाचा बुधला ओतला म्हणून फोडणी बसत नाही. कोशिंबीर म्हणून बीट खुशाल खा, तेही बाबांच्या डॉक्टरांनी पथ्य सांगितलं नसेल तर.

कढीलिंब
गुरुवार, सकाळी ११:१०

म्हणजे जास्त वायू = जास्त स्मरणशक्ती, असं नाहीच तर?

सातेरी
गुरुवार, रात्री १०:०५

नाहीच. आणि इथेच मी लेखात केलेलं सोपं विधान मलाच थोडं मागे घ्यावं लागतं.

एक तर जास्त झाला तर तो विष आहे. पक्षाघातात पेशी गुदमरतात तेव्हा हा वायू बेसुमार सुटतो आणि सुपरऑक्साइड नावाच्या प्राणवायूच्या जहाल रूपाशी मिळून पेशी जाळत जातो. वरच्या त्या एन्झाइम नसलेल्या उंदरांमध्ये पक्षाघाताची इजा कमी निघाली होती.

दुसरं, फळमाशी. केळी पिकली की घोंघावते ती चिलटासारखी. अमेरिकेत योशिनोरी आसो आणि गेरल्ड रुबिन यांच्या गटाने २०१९ मध्ये तिच्या मेंदूत बघितलं, की डोपामीन हे संदेशरसायन सोडणाऱ्या काही पेशी त्याच वेळी नायट्रिक ऑक्साइडही सोडतात. एकाच पेशीतून दोन निरोप, आणि तेही एकमेकांच्या विरुद्ध! डोपामीन म्हणतं "हा वास वाईट, लक्षात ठेव", आणि वायू सावकाश मागून येऊन ते पुसट करतो. डोपामीन काढून टाकलं तर नुसत्या वायूने उलट्या अर्थाची आठवण बनते. त्यामुळे अशा पेशींनी बनवलेली आठवण कमी टिकते, पण नवी गोष्ट आली तर चटकन बदलते.

म्हणजे मधमाशीत जो जपून ठेवायला मदत करतो, तोच फळमाशीच्या या कोपऱ्यात विसरायला मदत करतो. वायूला स्वतःचं असं मत नाही, पलीकडे ऐकणारी पेशी कोण आहे त्यावर सगळं.

सायलेंटवाचक
गुरुवार, रात्री ११:२०

कित्येक वर्षं नुसता वाचतोय, पहिला प्रतिसाद. मी स्पर्धा परीक्षा देतो. एका बैठकीत दहा वेळा वाचण्यापेक्षा अंतर ठेवून तीनदा वाचावं, असं यातून निघतं का?

सातेरी
शुक्रवार, सकाळी ७:१५

स्वागत! अंतर ठेवून केलेला अभ्यास जास्त टिकतो हे माणसांवर एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाच्या काळापासून, म्हणजे १८८५ पासून, माहीत आहे. त्यासाठी माझ्या माश्यांची साक्ष काढायची गरज नाही. माश्यांमधलं अंतर मिनिटांचं, तुमचं दिवसांचं, आणि मधली यंत्रणा तीच असं मी म्हणणार नाही. तुम्ही आपलं तीनदाच वाचा. शुभेच्छा.

गोठ्यावरून
शुक्रवार, दुपारी १:०५

अवांतर: मे-जूनला आमच्या अकोले तालुक्याच्या पट्ट्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला काजवे बघायला झुंबड उडते. काजव्याची उघडझापही याच वायूने होते असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?

सातेरी
शुक्रवार, रात्री ९:००

खरं आहे, निदान अमेरिकन काजव्यात २००१ मध्ये दाखवलंय. काजव्याला चमकायला प्राणवायू लागतो, पण वाटेत पेशीतली मायटोकाँड्रिया, म्हणजे ऊर्जा बनवणारी वीजघरं, तो खाऊन टाकतात. नायट्रिक ऑक्साइड त्यांना क्षणभर गप्प करतो, तेवढ्यात प्राणवायू आत सुटतो आणि दिवा लागतो. गंमत म्हणजे चेतातंतू थेट दिव्याच्या पेशीपर्यंत पोचतच नाही, मधलं अंतर वायूच ओलांडतो. पुढच्या वेळी जाल तेव्हा मोबाइलची टॉर्च बंद ठेवा एवढीच विनंती.

मोहोळवाला
शनिवार, सकाळी ६:४०

ताई, एक विचारू? तुमच्या त्या नळीतल्या माश्या नंतर पोळ्यात सोडत होता का?

सातेरी
शनिवार, रात्री ८:३०

नाही. शेवटची चाचणी झाली की नळ्या तशाच फ्रीझरमध्ये जायच्या, नंतर त्यांचे मेंदू तपासायचे असायचे. पहिला आठवडा मी फ्रीझर उघडायचं काम दुसऱ्या मुलीला देत होते.

दुसऱ्या उन्हाळ्यात एकदा पट्टी नीट चिकटली नाही आणि एक जण निसटली. खिडकीवर दोन-तीनदा आपटली आणि मग टेबलावर मी लवंगेचं तेल टिपलेला टिशू पडला होता, त्यावर येऊन बसली. सोंड काढली आणि कोरडा कागद चाटत राहिली. नळीवर बाटलीचा आकडा लिहिलेला होता, महिन्याच्या शेवटी यादी उघडल्यावर बघितलं. ती डी-नेमची होती. त्या दिवशी खिडकी उघडून ठेवली आणि वहीत तिच्या नावापुढे "नोंद नाही" असं लिहिलं.